सहा किलो शिल्लक

सावईच्या चढणीवर शाणूची गिरण आली
की मी स्कूटरचा कान पिळते.
पायापाशी पणजीच्या मोठ्या दुकानातली पिशवी,
पिशवीत पाच किलोचं तयार पीठ,
वर एक किलो फुकट.
पिशवीवर तांबड्या भाजीची जुडी आडवी टाकलेली,
लांब देठांची.
पण तिने काय झाकतं?

शाणू वळवईकर दारात उभा,
भुवयांवर पीठ, पापण्यांवर पीठ,
पन्नाशीतच सत्तरीचा दिसणारा.
नुसता हात वर करतो.
'दळप ना गे बाय?' असं एकदाच विचारलं होतं,
मागच्या चवथीआधी.
मी म्हटलं, हल्ली भाकऱ्या खातं कोण घरात.
आमचं स्वयंपाकघर त्याच्या खिडकीच्या वाऱ्यात आहे.
भाकरी करपली तरी त्याला आधी कळते.

आत भिंतीला लावून डबे,
झाकणांवर खडूने नावं.
सगळी देवनागरीत, एकट्या अवरोराचं रोमीत,
कारण तिची माय रोमी वाचायची.
मायला जाऊन नऊ वर्षं झाली.
शाणूचं अक्षर बदललेलं नाही.

मिरची दळून झाली
की गिरणीच्या तोंडात मूठभर तांदूळ सोडतो,
स्वतःच्या डब्यातले.
दगडाची जीभ धुवायला, म्हणतो.
ते गुलाबी पीठ फिलूच्या कोंबड्यांना जातं.
फिलूच्या अंड्यांना मसाला लागत नाही,
हा आमच्या वाड्यावरचा एकुलता एक विनोद,
अजून कोणी दुसरा केलेला नाही.

आषाढात गिरण बंद झाली.
शाणूने दगड उघडून टाकी लावायला घेतली होती.
दोन दिवस नुसतं टक् टक् टक्,
आणि दोन टकांच्या मधल्या जागेत मला कळलं
की इतकी वर्षं दुपारी साडेतीनला
घड्याळ न बघता
मी गिरणीच्या आवाजावर चहा ठेवत होते.

तिसऱ्या दिवशी टकटकही नाही.
चहा चारला झाला.
कुंपणापलीकडून फिलू म्हणाली,
फोंड्याला गेलाय,
मोटरीला गिऱ्हाईक बघतोय म्हणे.
मी आत आले
आणि ते फुकटचं एक किलो
उगाच हातात धरून बघितलं.

मंगळवारी गिरण पुन्हा चालू.
म्हाशेलच्या बाजारातून दहा किलो नाचणे आणले,
निवडले, वाळवले पंख्याखाली,
आणि मान ताठ करून डबा काट्यावर ठेवला,
जशी काही त्याच्यावर उपकार करायला आले होते.
आलेच होते.

शाणूने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
'घरांत माणसां कितलीं?'
तीन.
त्याने चार किलो मोजून घेतले
आणि उरलेले सहा माझ्या पिशवीत परत ओतले.
'हवा दमट. पीठ कडू जातलें.
फुडल्या आयतारा हाड.'

असू दे रे, मी म्हटलं, दळ सगळे.
पैसे देते ना मी.

'पैशे पिठाचे घेतां,' तो म्हणाला,
'किड्यांचे न्हय.'

मग पट्टा फिरला, आणि बोलणं संपलं.
मोटरीचं मी विचारलं नाही.
त्याने सांगितलं नाही.
झाकणावर खडूने माझं नाव लिहिलं: मंदू.
शाळेतलं.
त्या नावाने हाक मारणारी माणसं
मी एका हाताच्या बोटांवर मोजते,
आणि बोटं उरतात.
खाली बारीक अक्षरात: ६ शिल्लक.

पायापाशी डबा,
नुकत्याच न्हाऊ घातलेल्या पोराएवढा गरम.
पोटऱ्यांना त्याची ऊब घेत
मी स्कूटर हळू काढली.
रविवारला पाच दिवस होते,
आणि घरात मोठ्या दुकानातलं पीठ
अजून अर्धं पडून होतं.