धाकटी पाती

टिळकवाडीतल्या हॉटेलचा पहिला मजला.
चाळीस खुर्च्या, एकोणतीस माणसं,
माइक एक, तोही मनात आलं तर चालणारा.
बेंगळूरहून आलेले श्रीवत्स सर
उत्तरं इंग्रजीत देणार, अडलं तर कन्नडात,
आणि मी, सांब्र्याच्या काउंटरवरची, हलग्याची,
ती मराठीत करून सांगणार.
माझ्या कामाच्या यादीत हे कुठं लिहिलेलं नाही.

सर म्हणाले, सब्सिडियरी.
मी म्हणाले, उपकंपनी.
हॉल गप्प. उद्यमबागेतले हुंदरे चष्मा पुसायला लागले.
मग तोंडातून निघूनच गेलं:
थोरली पाती, धाकटी पाती, असं समजा.
आडनाव एक, चूल वेगळी.
हशा पिकला. आणि सगळ्यांना सगळं समजलं,
जरा जास्तच.

'म्हणजे आमचे पॉइंट थोरलीकडं साठल्यात,
ते धाकटीकडं चालत नाहीत व्हय?'
चालतात. अर्धे.
'अर्धे का ओ? विमान अर्ध्यातनं परत फिरालंय काय?'
'थोरलीत जेवण देत होतासा.'
धाकटीत विकत.
'आणि पाणी?'
एक कप. मागितलं तर.
मागून आवाज आला:
'मग वाटणीत विहीर कुणाकडं गेली?'
सर माझ्याकडं बघतात.
मी याचं भाषांतर करत नाही.

हुंदऱ्यांना बिडाचं सॅम्पल न्यायचं असतं, साडेसात किलो.
हातातल्या बॅगेला मुभा सातची.
म्हणून ते भर मे महिन्यात कोट घालून येतात,
व्हॉल्व्हचं झाकण आतल्या खिशात.
मी काट्याकडं बघते, कोटाकडं बघत नाही.
आज त्यांनी वजनाविषयी काहीच विचारलं नाही.

एक पोरगा उठला. 'बुकिंगला बेळगाव टाकलं की
शहर सापडलं नाही म्हणून येतंय.'
हॉल पुन्हा गप्प, पण हे गप्प वेगळं.
सरांनी खाली कागद चाळले.
मी म्हटलं, आयएक्सजी टाक.
तीन अक्षरं. ती कुणाचीच नाहीत,
म्हणून लगेच सापडतात.
एक खुर्ची करकरली. तेवढंच.

मालन कुद्रेमनी शेवटी बोलल्या, बसूनच.
'एकाच तिकिटावर जाणं थोरलीनं, येणं धाकटीनं.
जाणारी रद्द झाली, तर येणारीला कळतंय काय?'
सर तीन मिनिटं बोलले.
वेगळ्या यंत्रणा, भागीदारी, एकत्रीकरणाचं काम सुरू आहे.
मी म्हणाले, कळत नाही.
'तेच विचारालते. लेकीच्या ऑपरेशनला
मी हैदराबादला पोचलेच नाही.
आणि चौथ्या दिवशी परतीचं विमान
माझी रिकामी सीट घेऊन वेळेवर आलं.
पैसे कापल्यात. कापूदेत.
भावा-भावात बोलणं नाही, एवढं आधी सांगायचं होतं.'
मी ते सरांना सांगितलं.
इंग्रजीत ते एका ओळीत मावलं,
आणि कसंतरीच वाटलं.

उठता उठता कुणीतरी विचारलं,
मॅडम, तुम्ही कुठल्या पातीतल्या?
बिल्ला थोरलीचा, गळ्यातला रुमाल धाकटीचा.
नेमणुकीचा कागद एकीचा, पगार दुसरीचा,
सुट्टी मागायची तर दोघी
एकमेकींचा पत्ता देतात.
दोन्हीकडची, म्हटलं. माहेरवाशीण समजा.

कुंद्याचे डबे वाटून झाले.
गाडीत सर म्हणाले, तो शब्द कुठला,
ज्याला सगळे हसले?
पाती, सर.
म्हणजे?
सांब्र्याच्या रस्त्यावर मी बराच वेळ शोधलं.
वाटणी इंग्रजीत आली, पण बांध आला नाही,
चूल आली नाही, विहीर तर नाहीच.
लीफ, म्हटलं.
नाइस, म्हणाले,
आणि अहवालाच्या वहीत लिहून घेतलं.