चोवीस खाचा

संध्याकाळी सात वाजता
अक्कलकोट रोडच्या शाळेत, सातवी 'ब'च्या वर्गात,
बाकाखाली माझे पाय मावत नाहीत.
फळ्याच्या कोपऱ्यात सकाळचा सुविचार,
'पुसू नये' लिहून चौकट मारलेला.
उरलेल्या फळ्यावर म्हेत्रे सर मोटर काढतात:
एक वर्तुळ, आत चोवीस खाचा.

मी राजेशम येमूल, वय एकोणपन्नास,
हजेरीत शेवटून दुसरा.
शेजारी अरबाज, माझ्या धाकट्याच्या वयाचा,
मला चाचा म्हणतो
आणि माझी पट्टी परत देत नाही.

सर फळ्याकडे तोंड करून बोलले
की माझा तास बुडतो.
सत्तावीस वर्षं मागावर.
कान आधी गेले, मग काम.
कारखान्यात आम्ही ओठ वाचायचो.
चहा आला, शेठ आला, तुला मुलगी झाली,
सगळं त्या खडखडाटात ओठांवरून कळायचं.
सरांच्या पाठीला ओठ नाहीत.
अरबाजच्या वहीतून उतरवतो,
रनिंगला किती फेरे, स्टार्टिंगला किती.
त्याचं अक्षर म्हणजे नुसता गुंता.
गुंता मला सोडवता येतो.

शेठनं माग किलोवर काढले.
हमाल म्हणाले, काका, जरा बाजूला व्हा.
मी तेलाची कुपी धरून उभा.
त्या दिवशी सकाळीच चारीही मागांना तेल घातलं होतं.
कशाला, ते अजून पद्मालाही सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी सर म्हणाले,
तुम्हाला सोपं जाईल येमूल, दोरा काय, तार काय.
वर्ग हसला. मीही.
पण सर,
दोरा तुटला तर मी बोलता बोलता गाठ मारत होतो.
इथं गाठ चालत नाही.
खाचेत घालताना तारेला एक ओरखडा गेला,
वरून वार्निश बसलं, कुणाला दिसलं नाही,
तर कुणाच्या तरी घरी मोटर जळणार
ती नेमकी नळाला पाणी आल्यावर.
आणि आमच्याकडं पाणी
चार-चार दिवसांनी येतं.

घरी पद्माच्या सुपात विड्या, माझ्या मांडीवर कॉइल.
ओकटी, रेंडू, मूडू...
दोघंही मोजतो आणि एकमेकांना चुकवतो.
शाळेत मी मराठीतच बोलतो,
मोजायला लागलो की जीभ आईकडं जाते.
सत्तरच्या पुढं कुणी हाक मारली
तर पुन्हा ओकटीपासून.
ती विचारते,
सर्टिफिकेटवर फोटो असतो ना,
केस काळे करायचे का?

काल प्रॅक्टिकल होतं.
चालू मोटर. कुठलं बेअरिंग गेलंय, सांगा.
स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरवर, मूठ कानाला.
पोरं एकेक करून ऐकून आली,
कुणी पुढचं म्हणालं, कुणी दोन्ही.
माझ्या कानाला काहीच नाही.
मग मी मूठ दातांत धरली.
पोरं हसली असतील, हसू दे.
पुढच्या टोकाला सगळं गुळगुळीत,
मागच्या टोकाला
खालच्या दाढेत बारीक खडा चावल्यासारखं.
सर, मागचं.

सरांनी खोललं. मागचंच.
मग ते माझ्याकडं वळून काहीतरी म्हणाले,
पहिल्यांदाच पूर्ण चेहरा समोर,
मी स्वच्छ वाचलं: कसं कळलं?
काय सांगणार.
बारा मागांत कुठला लंगडतोय
हे मला तळपायांना कळायचं.

आज पुन्हा सर फळ्याशी बोलत होते.
मी हात वर केला.
त्यांना दिसला नाही.
मग बोललो,
हळूच बोललो असं मला वाटलं.
अरबाज सांगतो, चाचा, तू ओरडला,
वॉचमन पळत आला.

सर, तोंड इकडं करा!