ताळेबंदाबाहेर

नोवो मेस्तोच्या कारखान्यात मी नफातोटा मांडते.
नाव झ्देन्का कोबाल, टेबल तिसऱ्या मजल्यावर.
खिडकीतून क्र्का नदीचं वळण दिसतं
आणि नदीपेक्षा जास्त, पार्किंग.

मार्चमधल्या एका मंगळवारी प्रश्न माझ्याकडे आला:
आपली सगळ्यात लहान गाडी,
जी परिचारिका घेतात, पाद्री घेतात,
मागच्या सीटवर बटाट्यांची पोती टाकून
बाजारात येणाऱ्या बायका घेतात,
तिला दात द्यावेत का?

विक्रीवाला अंद्राझ म्हणाला, पोरांना हवीय.
मी विचारलं, किती पोरांना?
विम्याचा हप्ता गाडीच्या हप्त्याहून मोठा पडेल,
हे पोरांना ठाऊक आहे?
कुणीतरी कॉफी ढवळली.
साहेब म्हणाले, लहान तोंडी मोठा घास.
गाडीबद्दल म्हणाले की अंद्राझबद्दल, कळलं नाही.

गिअरबॉक्स नवा, टायर रुंद, ब्रेक मोठे,
धुराची चाचणी पुन्हा पहिल्यापासून.
वर्षाला नऊ हजार खपल्या तर बरोबरी.
अंदाज होता साडेतीन.

संध्याकाळी अलोयझ आला. सस्पेन्शनवाला,
निवृत्तीला अकरा महिने, अंगठ्याचं नख कायमचं काळं.
म्हणाला, आकडे झाले असतील तर कोट घाल.

शेड नंबर नऊ. ताडपत्रीखाली तीच,
परिचारिकेची गाडी.
फक्त जरा खाली दबलेली,
उडी मारण्याआधी मांजर दबतं तशी.
"इंजिन मोडीतल्या व्हॅनचं, बाकी भंगार.
दोन हिवाळ्यांचे रविवार.
तुझ्या वहीत याचा एक युरो सापडायचा नाही."
हिशेबनिसाला हे सांगणं म्हणजे
चोराने हवालदाराला घरी जेवायला बोलावणं.

गोर्यान्त्सीचा घाट. कडेला मळकं बर्फ.
पहिल्या वळणाला मी दाराची मूठ धरली.
दुसऱ्याला सोडली.
तिसऱ्याला गाडीचं मागचं अंग किंचित सरकलं,
बाकावर शेजाऱ्याला जागा द्यायला
माणूस सरकतं तेवढंच,
आणि परत जागेवर.

मी एकोणपन्नास वर्षांची आहे, डावा गुडघा दुखतो,
आणि मी मोठ्याने हसले,
इतकं की अलोयझने घाबरून वेग कमी केला.
नको, मी म्हणाले, कमी नको.
काट्याकडे पाहिलं: सत्तर.
फक्त सत्तर! साहेबांच्या गाडीत
सत्तरला जांभई येते.

रात्री तक्ता उघडून बसले.
त्या हसण्याला रकाना नव्हता.
'इतर' खाली टाकावं, तर ऑडिटवाले पावती मागतील.
साडेतीनचे साडेनऊ करणं एका बोटाचं काम,
पण फुगवलेल्या आकड्यावर उभी केलेली गाडी
शेवटी कुणाच्या पगारातून वसूल होते,
ते मागच्या मंदीत
याच टेबलावर मी नावानिशी मोजलंय.
'करू नये' लिहिलं. खाली सही.

जूनमध्ये 'स्पोर्ट' आली.
इंजिन तेच. लाल पट्टा, सीटला लाल शिलाई,
मागे एक पंख, ज्यावर कबुतरं बसतात.
आठशे युरो जास्त.
धो धो खपली. अंद्राझने मला केक आणून दिला.
पट्टे चिकटवायच्या लाइनवर अलोयझला बसवलं होतं.
एकदा जिन्यात भेटला, म्हणाला,
सरळ चिकटवतो हं, मिलिमीटरही हलू देत नाही.
हा राग होता की कारागिरी, मी विचारलं नाही.
केक चांगला होता.

आता शेड नऊ रिकामी करायचीय.
भंगाराच्या कागदावर सही माझीच लागते.
वजन नऊशे बारा किलो. किंमत शून्य.
कागद ड्रॉवरमध्ये आहे, स्टेपलरच्या खाली.

रविवारी अलोयझने किल्ली दिली, स्वतः आला नाही.
क्लचवर गुडघा कुरकुरला.
तिसऱ्या वळणाला मी घाबरून
जरा लवकर पाय उचलला,
आणि ती सरकलीच नाही.
वर चढाव संपतो तिथे थांबले,
गाडी वळवली,
आणि पुन्हा पहिल्यापासून चढायला
खाली निघाले.