होऊन राहिलं

पहिल्यांदा मी नुसती टकटक ठेवली होती.
दर दहा टक्क्यांना एक, शंभराला दोन.
रेवनाथ ठवरेंनी हेडफोन काढला, टेबलावर ठेवला,
म्हणाले, कोणी तरी दार वाजवून राहिलं,
अन् उठून पाहतो तर दारच नाही.

परसोडीचा आयटी पार्क, तिसरा मजला,
मे महिन्यातली सव्वातीनची वेळ.
माझ्या पडद्यावर निळी पट्टी सरकते.
तिच्याकडे न बघताही मी चहा पिऊ शकते,
डोळ्याच्या कोपऱ्यात ती असते.
कानाला कोपरा नसतो, असं मी वहीत लिहिलं
आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.
आहे ना, ते म्हणाले.
तुझ्या मागची पोरगी केव्हाची बिस्किटं खाते.

दुसऱ्यांदा सूर चढवला.
एकशे दहा हर्ट्झपासून सतराशे साठ, चार सप्तकं.
चांगला आहे, पण शेवटी किंचाळते.
काम झाल्यावर कोणी किंचाळते का?

सव्वीस वर्षं कोराडीच्या वीज केंद्रात टेलिफोनवर.
लाइन लागतेय, लागली, कुणी धरून ठेवलीय, मेली:
मला जिथे काहीच ऐकू येत नाही
तिथे त्यांना या चार गोष्टी ऐकू येतात.

रविवारी नारी रोडवर घरी बोलावलं.
अंगणात कूलर, टाकीत पाइप.
ऐक आता.
आधी पत्र्यावर कडकड,
मग पोकळ घुमणं,
मग ते घुमणं बारीक होत होत
वर, वर, काठाकडे.
नळावर त्यांचा हात तयार होता
आणि मी नेमकं तेव्हाच विचारलं, किती टक्के झालं?
सांडलंच मग थोडं. चपला भिजल्या.

पाणी रेकॉर्ड करून पाठवलं.
पुण्याच्या टीमचं उत्तर आलं:
हे ऐकून वापरणारा माणूस बाथरूमला जाईल.
खरं होतं. पाणी काढलं, फक्त त्याची चढण ठेवली,
सुरुवातीला सपाट, शेवटच्या दहांत जवळजवळ पायऱ्या.

राहिला प्रश्न नव्व्याण्णवचा.
पट्टी तिथं अडकते, कधी क्षणभर, कधी जेवण होईपर्यंत,
कारण मलाही माहीत नसतं, यंत्रालाही नसतं.
मी तिथं शांतता ठेवली होती.
ते खुर्चीत पुढे सरकले.
लाइन लागत नसली ना, तरी साहेबाला गप्प नाही ठेवायचं.
दर थोड्या वेळानं सांगायचं, लावून राहिलो, साहेब.
लागेल म्हणायचं नाही.
लावून राहिलो.

पुण्यात होस्टेलला असताना
मी या राहिलो-राहिलीची फार लाज धरली.
काय करतेस? अभ्यास करून राहिली.
पलंगावर पडून पडून हसायच्या.
दोन महिन्यांत मी ‘करते आहे’ म्हणायला लागले,
आईशीसुद्धा.
आता हेडफोन लावून बसले
तर सबंध पट्टी त्या एका क्रियापदात मावते:
जेवढं निळं ते होऊन,
जेवढं करडं ते राहिलं.

दोन खालचे सूर केले, मऊ,
दर चार सेकंदांनी, न चढणारे, न उतरणारे.
फाइलला नाव दिलं, राहिलं-दोन.
राहिलं-एक फार रडकं झालं होतं.

काल संध्याकाळी चाचणी.
रेवनाथकाकांनी कसलासा पेन्शनचा फॉर्म उतरवायला घेतला.
सूर चढला, पायऱ्या आल्या, नव्व्याण्णव,
आणि मग ते दोन.
पुन्हा ते दोन.
त्यांनी मला काहीच विचारलं नाही.
एक कान मोकळा केला, घरी फोन लावला,
कूलरमध्ये पाणी सोडलं का?
पलीकडून बाईंचा आवाज इतका मोठा
की मलाही ऐकू आला:
भरून राहिलं!

माझ्या पडद्यावर अजून नव्व्याण्णव.