इतर खर्च

जाहिरात भाच्यानं लिहिली:
मुख्य वित्त अधिकारी पाहिजे. उलाढाल एकोणीस कोटी.
ठिकाण भिवापूर.
मी म्हटलं, हवेत तिखट असतं, हेही टाक.
त्यानं नाही टाकलं.

म्हणून पहिला गाडीतून उतरला
आणि नाव सांगायच्या आधी सात वेळा शिंकला.
दुसऱ्यानं रुमालाआडून विचारलं,
एक्झिट कधी घ्यायचं ठरवलंय?
मी त्याला दार दाखवलं.
तो प्रश्न निराळा होता, हे मागून कळलं.

तिसरी प्रणिता नन्नावरे. मूलची. बसनं आली.
शिंकली नाही.
आमच्या आईनं वीस वर्षं देठ खुडले, एवढंच म्हणाली,
आणि चार वर्षांचे ताळेबंद मागितले.
पंख्यानं उडू नयेत म्हणून
त्यावर पाच किलोचं माप ठेवलं.

उधारी किती दिवसांची?
माणसावर आहे, मी म्हटलं.
कोणत्या माणसावर?
मी नावं सांगत गेले, ती नावापुढं दिवस लिहीत गेली.
उमरेडवाला सव्वाशे.
तो माझा चुलतदीर आहे.
तेही तिनं लिहिलं.

मग बोट थांबलं.
दर महिन्याच्या पाच तारखेला साडेसहा हजार,
एकाच खात्यात, चारही वर्षं.
हे काय?
इतर, मी म्हटलं.
ती गप्प राहिली.
गप्प बसणं बाकी दोघांना आलं नव्हतं.
मागं पल्वरायझर चालूच होता.

कौतिका दडमल, मी म्हटलं. पहिल्या सालातली.
तेव्हा जुनी मशीन घेतली होती, झाकणाचे पैसे वाचवले.
उजव्या हाताची चार.

आता ही म्हणेल, ताई, किती चांगलं करता तुम्ही.
मी त्यासाठी नजर खाली घेऊन बसलेही होते.

ती म्हणाली, कागद आहे काही?
तुमच्यामागं कोण देईल?
उद्या पैसा घालणारा आला, की पहिली कात्री ‘इतर’वरच चालते.
हा खर्च नाही. देणं आहे.
देण्याच्या बाजूला लिहावं लागेल, आणि ताळेबंद वाईट दिसेल.
किती वाईट?
तिनं कौतिकाचं वय विचारलं,
कॅल्क्युलेटर ओढला,
आणि आकडा गोल न करता सांगितला.

दारातून देविदास, आमचा हिशेबनीस, म्हणाला,
हे तं आमाले कोनी इचारलंच नव्हतं.

पगार तिनं मी धरलेल्याच्या दीडपट मागितला.
मी म्हटलं, काही कमी?
ती म्हणाली, नाही.
हाव, मी म्हटलं.

रात्री कौतिकाला फोन लावला.
कागद करतोय तुझ्या नावाचा, सही लागेल, ये.
पलीकडं टीव्हीचा आवाज, मग तोही बंद.
बरं, ती म्हणाली.
कोन्या हातानं करू, बाई?