डिस्पॅचमधला निंबा

निंबा फेगडे गेटवर पंच करतो,
त्याआधीच त्याचा आवाज आत पोचलेला असतो:
"काय रे भो!"
जळगाव एमआयडीसी, चटईचा कारखाना, मे महिना.
पत्र्याखाली आम्ही बाकीचे
शब्दालाही घाम फुटेल म्हणून जपून बोलणारे.

इंदूरचा ड्रायव्हर दोन तास फणफणत होता.
निंबाने त्याच्या मुलीचं नाव विचारलं,
ट्रक भरेपर्यंत तो माणूस
आमच्याबरोबर दोऱ्या आवळत होता.

मला हे सात जन्मांत जमणार नाही.

पण मीटिंगमध्ये सुलभा बोंडे
तीनदा तोंड उघडते, मिटते.
तिच्या हातात कागद असतो, चुकलेल्या गठ्ठ्यांचा.
निंबाचा किस्सा संपतो
तेव्हा साहेबांचा चहाही संपलेला असतो.
आणि माझ्या मूळव्याधीचं मी त्याला एकट्याला सांगितलं,
संध्याकाळी वॉचमनने औषध सुचवलं.

वडील गेले तेव्हा धरणगावला
सगळे येऊन गप्प बसले, माझ्यासारखेच.
निंबा आईशी कपाशीच्या भावावरून भांडला.
चौथ्या दिवशी ती पहिल्यांदा
कळण्याची अर्धी भाकरी जेवली.

काल मोजणी करता करता तो बोलत होता.
बारा गठ्ठे कमी. रजिस्टरवर सही माझी.
तणतणत गोदामात गेलो
तर हा एकटा,
वजनकाट्यावर उभा राहून
काट्यालाच विचारतोय,
"खरं सांग भो, वाढलो का रे?"

मी दारातच थांबलो.
मग मागे वळून हळूच
सुलभाला हाक मारली:
कागद घेऊन ये.
आत्ता ऐकेल.
आत्ता गर्दी नाही.