लांबी, रुंदी

देवघराशेजारी आमच्या घराचं पेन्सिलचित्र.
कुणी काढलं, मी कधी विचारलं नाही.
घड्याळ कुणी केलं हे तरी कोण विचारतं?

रंगकामासाठी उतरवताना काच तडकली
आणि चित्राच्या पाठीवर सर्व्हेचा अर्ज निघाला :
मौजे करावे. घरमालक जोमा हिरू तांडेल.
लांबी, रुंदी : दोन्ही रकाने कोरे.
तळाशी शेपटी वळवलेली सही.

सही लागायला तीन आठवडे गेले,
माणूस लागायला एक फोन.
उथळसर, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
टिपणीसांनी कागद नाकाशी धरला,
बराच वेळ.

"वडिलांनी तुमच्या मला आत घेतलं नाही.
'फीत भायेर ठेव, मंगं बोल.'
जमिनी जात होत्या, त्यांचं बरोबरच होतं.
मी चोवीस वर्षांचा, नोकरी कच्ची,
जीप चारला येणार.
मग समोरच्या बांधावर बसून
नजरेनं मापं घ्यायला लागलो,
आकडा एक लिहिला नाही, हे झालं.
निघताना त्यांनी तांब्या पुढे केला,
मी कागद.
साहेबांना म्हटलं, वाऱ्यानं उडाला."

मी म्हटलं, खिडकी मात्र हुबेहूब आलीय.
"खिडकी?" ते म्हणाले.
"खिडकी नव्हती हो तिथे.
भिंत फार कोरी दिसत होती."

त्या खिडकीत बसून मी पाढे पाठ केले.
खाडीकडच्या इमारतींचे मजले मोजले,
बाराव्यानंतर नाद सोडला.
तिची चौकट जुन्या होडीच्या फळ्यांची,
खिळ्यांच्या भोकांत मी उदबत्तीच्या काड्या खोचायचो
आणि बाबा एरवी हात उगारणारा,
तेवढ्यापुरता काही बोलायचा नाही.

फीत उंबऱ्याच्या आत येऊ न देणारा माणूस
केव्हातरी, घरात कुणी नसताना,
तो कागद भिंतीशी धरून उभा राहिला असेल,
कोळशानं चार खुणा केल्या असतील,
बोटांनी, वितींनी मोजत,
आणि पहार घेतली असेल.

घरी आलो तर रंगारी खिडकीपाशी,
हातात पत्रा, पत्र्यावर पांढरा गोळा.
"दादा, या भोकांत लांबी भरू?"

नको, म्हटलं.
ती राहू दे कोरी.